क्रमांक अकराची नळी

खोलीत एकूण चौदा पिस्तुलं होती. नऊ चकमकीची, पाच टोपीची, म्हणजे घोडा आपटून तांब्याची इवलीशी टोपी फुटली की बार उडणारी. त्यांतल्या सहांच्या तीन जोड्या लागत होत्या, उरलेली आठ एकटी. दोहोंचे चाप तुटले होते, एकाचा घोडा गंजून जागीच बसला होता, बाकी अकरांचं काम चालत होतं. त्यांच्यासोबत बंदुकीच्या दारूची दोन शिंगं, गोळ्या ओतायचा एक साचा आणि शिशाच्या एकतीस गोळ्या. सगळ्यांत लांब पिस्तूल एकोणीस इंचांचं, सगळ्यांत लहान साडेसात इंचांचं. सगळ्यांत जड भरलं ते पावणेदोन शेर.

ही यादी मी १८६५ सालच्या जानेवारीत अकोल्याला केली. मुंबईच्या कॉलेजात पदार्थविज्ञान आणि रसायन शिकून मी नुकताच नांदगाव खंडेश्वराला घरी परतलो होतो. तेवढ्यात अकोल्याहून बोलावणं आलं. कापसाच्या खरेदीसाठी त्या हंगामात वऱ्हाडात इतके साहेब आणि शेठ उतरत होते, की त्यांना दाखवायला एक अजबखाना असावा असं वरच्यांच्या मनात आलं. तटाजवळची एक लांबट खोली चुन्यानं पांढरी करून घेतली होती. एका भिंतीशी दगडी मूर्ती, दुसऱ्या भिंतीशी जुनी मापं आणि शिक्के, आणि मधल्या लांब मेजावर अमरावती, अकोला, एलिचपूरकडच्या ठाण्यांतून गोळा केलेली कोतवालांची आणि जमादारांची पिस्तुलं. सोमवारी सकाळी त्यांच्यावर काच बसायची होती. काचेच्या चौकटीला लाख लावून मोहोर केली, की मग वरच्या हुकमाशिवाय ती कुणालाही उघडता येणार नव्हती.

मोजमापाची मला सवय होती, आश्चर्याची तेवढी नव्हती. पण त्या खोलीत माझ्याच्यानं मोठ्यानं बोलवत नसे. क्रमांक चार हे अकोल्याच्या एका जुन्या कोतवालाचं पिस्तूल. कोतवाली बापाकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे गेली, तसं तेही गेलं. त्याच्या शिसवी मुठीवर तीन खळगे पडले होते. माझी बोटं त्यांत ठेवली तर बसेनात, कारण तो हात माझ्याहून मोठा होता. एका कुटुंबाच्या हातांनी साठ-सत्तर वर्षांत शिसवासारखं लाकूड पाव इंच झिजवलं होतं. मी त्या खळग्यांची खोली तीनदा मोजली. तिन्ही वेळा पाव इंचच भरली.

यादी करायच्या दिवसांतही माणसं बघायला येत. बाहेर दिवसभर कापसाच्या गाड्या चालू असत. त्यांच्यावरून उडालेली रुई दारातून आत येऊन पिस्तुलांवर बसे, आणि पुंजाराम शिपाई ती रोज सकाळी फडक्यानं टिपून घेई. गाडीवान दाराशी वहाणा काढून येत, मेजासमोर हात जोडत. एकानं क्रमांक दोनसमोर झेंडूचं फूल ठेवलं होतं. मी ते उचलायला गेलो तर पुंजारामनं नजरेनंच नको म्हटलं.

मला मदतीला केशवराव होते. पन्नाशी उलटलेले कारकून, दहा वर्षं मालखान्याची वही त्यांच्याच हाती. सरकारजमा झालेलं हत्यार मालखान्यात आलं की त्याची नोंद तेच करत. ते वहीतून वाचत आणि मी लिहीत असे: कुणाचं, कुठल्या ठाण्याचं, कधी जमा झालं, नळी कशी आहे. लांबी, वजन आणि नळीचं तोंड मी स्वतः मोजत होतो. प्रत्येक पिस्तुलासमोर माझ्या अक्षरात एक चिठ्ठी लागली. शनिवारी दुपारपर्यंत चौदाही चिठ्ठ्या लागल्या होत्या आणि मी समाधानात होतो.

त्याच दुपारी एक म्हातारा आणि त्याची बायको आत आली. दोघांच्या पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. म्हातारा उंच, दाढी पांढरी, आणि पाठ अशी ताठ की मला आधी तो एखाद्या ठाण्याचा जमादारच वाटला. मूर्ती, मापं, शिक्के यांतलं काहीच न पाहता तो सरळ मेजाशी आला आणि क्रमांक अकरासमोर थांबला. हात त्यानं मागे बांधून घेतले. बराच वेळ तो नुसता पाहत राहिला. मग मला म्हणाला, "भाऊ, या चिठ्ठीवर काय लिवलं हाये, वाचून दाखवता का?"

मी वाचलं. "क्रमांक अकरा. टोपीचं पिस्तूल. जमादार अब्दुल रहीम, हिवरखेड. सन १८६२ मध्ये पूर्णेच्या काठी याच पिस्तुलाच्या बारानं बावीस गाड्या कापूस जळाला."

 बोलली ती त्याची बायको.

"घ्या. तीन वर्सं मले सांगून राहिले होते, खुर्शीद, सरकार इसरलं असंल आता. सरकारनं तर तुमाले काचेत बसवून राह्यलं."

तेव्हा मला कळलं की हाच तो अब्दुल रहीम. पंधरा कोसांवरून, हिवरखेडहून दोन दिवस चालून ती दोघं आली होती. गावचा कुणी गाडीवान अजबखाना पाहून गेला होता, आणि त्यानं गावात जाऊन चिठ्ठीतला मजकूर सांगितला होता. तोपर्यंत गावात निदान दोन बाजू होत्या, खुर्शीदबी म्हणाली. आता सरकारच्या भिंतीआडच लिहून ठेवलंय म्हटल्यावर एकच बाजू उरली. पोरं तिच्या नवऱ्याला कापूसजाळ्या म्हणत. पूर्वी पाठीमागे म्हणत, आता विहिरीवर तोंडावर म्हणू लागली होती.

मी त्यांना बसायला सांगितलं. रहीम बसला नाही. उभ्यानंच, एखाद्या ठाण्यात वर्दी द्यावी तसं, त्यानं सगळं सांगितलं.

त्या फाल्गुनात हिवरखेडाकडून खामगावच्या बाजाराला बावीस गाड्या निघाल्या होत्या. कापसाला नुकताच भाव चढू लागला होता आणि वाटेत लूट होत होती, म्हणून गाड्यांबरोबर जमादार दिलेला. कापसाच्या गाड्यांवर पहारा द्यायची त्या भागात एक रीत होती. पिस्तूल ठाण्यातच भरून मिळायचं. एकच बार. दारूचं शिंग, जादा गोळी, जादा टोपी, काही सोबत न्यायचं नाही. कापसाजवळ दारू नको म्हणून. निघताना जमादाराची झडती घेऊन मगच सोडत. भरायचं कामही ठाण्यातला माणूसच करी, आणि गोळी हलू नये म्हणून वरून रुईचा बोळा ठासून बसवी.

पूर्णेच्या काठी दुपारचा मुक्काम पडला. बैल सोडले होते, गाडीवानांनी भाकरीसाठी चुली पेटवल्या होत्या. तेवढ्यात तीन घोडेस्वार आले. रहीमनं पिस्तूल काढून घोडा चढवला आणि नेम धरला.

"पुढं ते तिघं," तो म्हणाला, "अन् तिघायच्या मांगं पांढरा डोंगर. बोट चापावर होतं. मले कापूस दिसला. म्या बोट काढून घेतलं."

पण हात खाली केला नाही. पिस्तूल तसंच रोखून तो उभा राहिला आणि तेही उभे राहिले. शेवटी त्या तिघांपैकी एकानं घोडा वळवला आणि बाकीचे त्याच्यामागे गेले. जाताना त्यांनी चुलींमधून घोडे घातले. निखारे उडाले. पहिली गाडी पेटली, मग वारा होता. गाड्यांचे बांबू फटाफट फुटू लागले, आणि लांबच्या शेतांतल्या माणसांनी ते बारच समजले. आग जवळ आली तेव्हा रहीमनं पिस्तुलावरची टोपी काढून पाण्यात फेकली, उष्णतेनं बार उडू नये म्हणून. त्याला तसंच शिकवलं होतं.

चुली कुणाच्या, हे विचारलं जाणार हे गाडीवानांना कळत होतं. त्यामुळे चौकशीत सगळे एकच बोलले: जमादारानं गोळी झाडली, त्याची ठिणगी पडली. टोपी जागेवर नव्हती, आवाज तर दहा जणांनी ऐकले होते. पिस्तूल तिथल्या तिथे रहीमच्या हातून काढून घेऊन, दोरीनं बांधून अकोल्याच्या मालखान्यात पाठवलं गेलं होतं. चौकशी करणाऱ्या साहेबांनी मालखान्याची वही मागवली. तिच्यात लिहिलं होतं, नळी रिकामी. एकच बार दिला होता आणि नळी रिकामी. याहून आणखी काय पाहायचं? रहीमची जमादारी गेली.

तो सांगत असताना मी अकरा क्रमांकाकडे पाहत होतो. त्याचं वजन माझ्या यादीत होतं, एक शेर सहा छटाक. बुधवारी मी ते हात लांब करून धरून पाहिलं होतं, उगीच, किती वेळ जमतं म्हणून. चाळीस मोजेपर्यंत टोक थरथरू लागलं. मी त्याला विचारलं, ते तिघं वळेपर्यंत किती वेळ गेला असेल. त्यानं विचार केला. चुलीवर भाकरी टाकलेली होती, म्हणाला, ती उलटायची राहून जळून कोळसा झाली, तेवढा वेळ.

मी त्याला सांगितलं, की हे पिस्तूल लांबी-वजनासकट सगळं मी स्वतः मोजलं आहे. मग त्यानंच विचारलं.

"भाऊ, तुमी सगळं मोजलं म्हनता. आतून मोजलं का?"

मी यादी उघडली. लांबी, वजन, तोंडाची रुंदी, सगळे आकडे माझे होते. 'नळी' या रकान्यात चौदा वेळा 'रिकामी' लिहिलं होतं. हा एकच रकाना मी मोजला नव्हता, वहीतून ऐकून उतरवला होता. 

मी केशवरावांकडे वळलो आणि विचारलं, की ही नोंद करताना नळीत लाकडी गज घालून पाहत होते का. ते आधी हसले. मग मी हसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

"अरे बापू, मालखान्यात भरलेलं हत्यार घ्याचा हुकूमच नाई. म्हनून जे आत आलं ते रिकामं. दहा वर्सं मी तसंच लिवलं. माह्या आंधीचा होता तोई तसंच लिवत होता."

"म्हणजे पाहिलं नाही."

"पायलं असतं अन् भरलेलं निघालं असतं, तर आत घेता आलं नसतं. मंग ठेवलं कुठं असतं, माह्या घरी?"

खुर्शीदबीनं पदर तोंडाशी धरला. ती हसते आहे की रडते आहे, हे मला कळलं नाही.

 पुंजाराम फडकं हातात धरून दाराशी उभा होता. बाहेरून आलेले चार-पाच गाडीवानही आत येऊन थांबले होते. ते मेजापासून जरा मागे सरकले. तीन वर्षं त्या लोखंडाला बाहेरून सगळ्यांनी पाहिलं होतं, दोरीनं बांधलं होतं, वहीत चढवलं होतं, मी तर तागडीत घालून तोललं होतं. आत काय आहे ते त्या लोखंडाखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. आणि ते तिथेच होतं, हाताच्या अंतरावर.

मी सगळ्यांना समजेल असं सांगितलं. टोपी बसते ती जागा नळीच्या बुडाशी असते. तिथपासून तोंडापर्यंत बाहेरून पट्टी लावायची. मग तोंडातून लाकडी गज आत सोडायचा, तोंडाशी त्यावर खूण करायची आणि खुणेपर्यंतचा गज मोजायचा. नळी रिकामी असेल तर दोन्ही लांब्या सारख्या येतील. आत दारू, गोळी आणि बोळा असेल तर ते आपली जागा अडवतील आणि आतली लांबी कमी भरेल. पिस्तूल उडवायचं नाही की उघडायचं नाही. टोपी नाही तोवर बार उडायचा धोकाही फारसा नाही, पण तोंड भिंतीकडे ठेवायचं आणि समोर कुणी उभं राहायचं नाही.

केशवराव मला बाजूला घेऊन गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं. सोमवारी काच बसते, मोहोर होते. नळी भरलेली निघाली तर ती चिठ्ठी चुकीची, वही चुकीची, आणि वही चुकीची म्हणजे ती चौकशीही चुकीची. हे वर कोण सांगणार? त्यांच्या पेन्शनीला दोन वर्षं उरली होती. मी म्हणालो, की चिठ्ठी माझ्या अक्षरात आहे, वर मीच सांगेन.  मग त्यांनी कमरेची किल्ली काढली आणि कपाटातून मला गज आणून दिला. देताना गजाची लांबीही त्यांनी तोंडपाठ सांगितली. ती मी विचारलीही नव्हती.

थांबवलं ते रहीमनं.

मी पिस्तुलाला हात लावणार तोच त्यानं आपला हात मध्ये धरला. तीन वर्षं, तो म्हणाला, हे कुणाकुणाच्या हातात गेलं असेल हे त्याला ठाऊक नाही. मालखान्यात कुणी शिपायानं काढून झाडलं असेल. कुणी भीतीनं पाण्यात बुडवून बार काढला असेल. नळी कशी रिकामी झाली हे सांगायला कुणी येणार नाही. मग नळी रिकामी निघाली की ती वहीत होती तशीच रिकामी, आणि यावेळी नीट मोजून रिकामी.

"आतापरेंत मले इतकं तरी म्हनता येते," तो म्हणाला, "का कोनी पायलं नाई."

हे मला सुचलंच नव्हतं. मोजण्यानं त्याचं काही जाऊ शकतं, हे माझ्या हिशेबात नव्हतं. मी गज मेजावर ठेवला आणि म्हणालो, की तुम्ही सांगाल तसं. नको म्हणालात तर मी चिठ्ठीवर फक्त नाव ठेवतो, बाकीचं खोडतो, आणि नळीच्या रकान्यात 'पाहिली नाही' असं लिहितो. ते खरंच होतं.

त्यानं बायकोकडे पाहिलं. खुर्शीदबी खाली बसून पायांची धूळ झटकत होती. मान वर न करता ती म्हणाली, "रिकामी निघाली तर काय होईन? विहिरीवर पोरं जे म्हनतेत तेच म्हनतीन. तुमी झाडली नाई हे मले ठाव हाये, त्याले गज कायले लागते? पन तुमाले पाह्याचं हाये. कालपासून पंधरा कोस तुमी माह्याशी बोलले नाई, त्या पिस्तुलाशीच बोलत आले."

गाडीवानांपैकी कुणी तरी हळूच हसलं. रहीमच्या दाढीतही काही तरी हललं. त्यानं हात बाजूला घेतला आणि मागे बांधला.

आधी मी क्रमांक सात घेतलं. तेही टोपीचं, जवळजवळ त्याच घडणीचं, आणि ते रिकामं आहे हे तोंडातून दिवा दाखवून मी पाहू शकत होतो, कारण त्याची नळी आखूड आणि रुंद होती. बाहेरून सहा इंच. गज सोडला, खूण केली, काढला, मोजला. सहा इंच. पुन्हा केलं. पुन्हा सहा. रीत बरोबर होती.

मग क्रमांक अकरा. मी ते दोन्ही हातांनी उचलून, तोंड भिंतीकडे करून, दोन वाळूच्या पिशव्यांमध्ये बसवलं. घोडा अर्धा चढवून ठेवला. टोपीची जागा पुसून घेतली, तिथे थोडा गंज होता. बाहेर एक गाडी थांबलेली होती, तिच्या बैलाच्या घुंगरांचा आवाज आला आणि गाडीवानानं बाहेर जाऊन तो बैल धरला. केशवराव माझ्या डाव्या बाजूला वही उघडून उभे राहिले. ती उघडायला मी सांगितलं नव्हतं. रहीम उजवीकडे, मेजापासून दोन पावलांवर.

बाहेरून पट्टी लावली आणि आकडा मोठ्यानं सांगितला. केशवरावांनी तो लिहिला. त्यांचा टाक कुरकुरला.

मग मी गज नळीच्या तोंडाशी आणला. मनगट मेजावर टेकवलं. जोर न देता, हलक्या हातानं मी तो हळूहळू आत सरकवत गेलो. लाकूड लोखंडाला घासल्याचा बारीक आवाज खोलीभर ऐकू येत होता. एका जागी तो थांबला. मी दाबलं नाही. किंचित मागे घेऊन पुन्हा सरकवला, तेव्हाही तो त्याच जागी थांबला. नखानं तोंडाशी खूण धरली, चाकूनं ती रेघ केली आणि गज बाहेर काढला.

गज आणि पट्टी मी रहीमच्या हातात दिले. त्याला आकडे वाचता येत होते, ठाण्यात शिकवले होते. तो वाकला, खूण पाहिली, पट्टी काढून पुन्हा लावली. मग त्यानं ती केशवरावांपुढे धरली. केशवरावांनी चष्मा नाकावर सरकवून वाचली आणि माझ्याकडे दिली. मीही वाचली. तिघांचा आकडा एक आला तेव्हा तो वहीत, 'रिकामी' या जुन्या शब्दाशेजारी, केशवरावांच्या अक्षरात चढला.

बाहेरून सव्वानऊ इंच. आतून पावणेआठ इंच.